पेलिओ आहार: वजन, साखर आणि आपलं स्वयंपाकघर (अनुभव धागा)

पाटावरवंटा (धागाकर्ती)

पेलिओबद्दल बोलणं निघालं की 'महिन्यात इतके किलो उतरले' यावरच गाडी थांबते. नव्याने सुरू करणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी हा आहार नीट चालवला आहे, किंवा जे आहारशास्त्र, वैद्यकी, स्वयंपाक या अंगाने त्याकडे पाहतात, त्यांनी लिहावं: काय, किती, कसं, कुठे बिघडतं आणि का. स्वतःची कहाणी नाही सांगितली तरी चालेल.

आधी हद्द आखून घेऊ. शेती सुरू होण्याआधी माणसाला जे मिळत होतं त्याच्या जवळ जाणारं जेवण म्हणजे पेलिओ. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुकामेवा चालतो. धान्यं, डाळी-कडधान्यं, साखर-गूळ, दूधदुभतं आणि रिफाइंड तेलं बंद. १९८५ साली ईटन आणि कॉनर या अमेरिकन संशोधकांच्या लेखामुळे हा विषय वैद्यकीय वर्तुळात चर्चेला आला. तमिळनाडूत रुजलेला प्रकार थोडा वेगळा आहे: त्यात पिष्ट (कार्बोहायड्रेट) फारच कमी, पण पनीर, लोणी, तूप चालतं, आणि शाकाहारी मंडळी एका जेवणाऐवजी शंभर बदाम खातात. आपण कुठल्या प्रकाराबद्दल लिहितोय ते प्रतिसादात सांगा, नाहीतर गोंधळ होईल.

मासळीबाजार

मूळ प्रकाराबद्दल लिहितो. काय बंद करायचं ते सगळ्यांना पाठ असतं, किती खायचं ते कोणी मोजत नाही. उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं त्याच्या दर किलोला साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ६० किलोला ७२ ग्रॅम. सकाळी तीन अंडी (१८ ग्रॅम), दुपारी दीडशे ग्रॅम मासा (२८ ते ३०), रात्री दीडशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन (३०च्या वर), एवढ्यात ते बसतं. ही वजनं कच्ची, पण साफ केल्यानंतरची. किलोभर बांगडे आणले तर डोकं, पोटातलं आणि काटा जाऊन खाण्याजोगं निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. बाजारातलं वजन आणि ताटातलं वजन यांची गल्लत इथेच होते.

प्रथिनं कमी पडली की दुपारी चारला भूक खवळते, हात काजूच्या डब्यात जातो आणि हिशेब कोलमडतो.

मासा महागच लागतो असंही नाही. बांगडा आणि तारली स्वस्त, प्रथिनं सुरमईच्या तोडीची आणि ओमेगा-३ भरपूर. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकं कामाला येतं. जवळा आणि सुके बोंबील बहुतेक ठिकाणी नुसते उन्हात वाळवतात, खारा बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो, तो रक्तदाबवाल्यांनी टाळलेला बरा. जवळा आधी कोरडाच भाजायचा, मग दोन-तीन पाण्यांतून काढायचा, नाहीतर रेती दाताखाली येते.

कोकमआगळ

मराठी स्वयंपाकात पेलिओ फसतो तो पोळी-भातावर नाही, ते तर दिसतं. फसतो तो दाट करणाऱ्या आणि लावून घेण्याच्या वस्तूंवर. दाण्याचं कूट पहिलं. शेंगदाणा हे कडधान्य आहे, सुकामेवा नव्हे, त्यामुळे कूट, दाण्याची चटणी, शेंगतेल सगळंच बाद. दुसरं, रश्श्याच्या वाटणातलं डाळं. तिसरं, पीठ पेरून केलेल्या भाज्यांतलं बेसन. चौथं, तळलेल्या माशावरचा रवा नाहीतर तांदळाचं पीठ. पाचवं कोणाच्या लक्षात येत नाही: बांधानी हिंग. त्यात हिंगाहून मैदा किंवा तांदळाचं पीठ जास्त असतं. चिमूटभराने वजन वाढणार नाही, पण ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनी डबीवरचे घटक वाचावेत. तयार मालवणी मसाल्याचंही तेच, काहींत हरभरा डाळ भाजून घातलेली असते.

मग रस्सा दाट कशाने करायचा? चार माणसांच्या रश्श्याला एक मोठा कांदा उभा चिरून गडद होईस्तोवर भाजा, अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजा, त्यात दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस. वाटताना पाणी बेताने घाला. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं नाही तर रस्सा चोथापाणी होतो आणि मग माणूस डाळं शोधायला लागतो.

रव्याशिवाय मासा तव्याला चिकटतो ही तक्रार नेहमीची. कारण ओलावा. तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, लसूण आणि चमचाभर आगळ लावून वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फेकून द्या आणि तुकडे फडक्याने खरंच कोरडे करा. लोखंडी तवा चांगला तापू द्या, मग मोठा चमचाभर खोबरेल, मग मासा. पहिली तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणहून सुटतो. सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही, उलथनं घालून खरवडू नका.

फ्लॉवरचा भात चिकट होतो त्याचंही कारण ओलावाच. आदल्या दिवशी धुऊन वाळवलेला फ्लॉवर किसा, पसरट कढईत मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता, झाकण नाही, मीठ शेवटी. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं आणि लापशी होते.

ताकाची जागा सोलकढी घेते, दूध नाही, दही नाही, पूर्ण पेलिओ. पण नारळाचं जाड दूध १०० मिलीला दोनशेच्या वर उष्मांक देतं. वजन उतरवायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पिळ्याची पातळ कढी करा.

स्टेथो

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, मग बाजार. हे मी आग्रहाने लिहितोय, कारण या आहारात खरा धोका इथेच आहे.

पिष्ट एकदम घटलं की साखर पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरायला लागते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड जातीच्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या तर साखर ७०च्या खाली जाते: घाम, थरथर, धडधड, चिडचिड. अशा वेळी तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. तेव्हा 'पेलिओत साखर नाही' म्हणून थांबायचं नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी.

दुसरा गट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनचा. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला पिष्ट फार कमी झालं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आम्लता वाढू शकते, आणि मशीनवर साखर जवळपास ठीक दिसते, म्हणून निदान चुकतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, जोराने श्वास, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका, आणि कुठली गोळी चालू आहे ते दवाखान्यात आधी सांगा.

रक्तदाबाच्या गोळ्यांवर उठताना चक्कर यायला लागली तर मात्रा जास्त होतेय. घरी सकाळ-संध्याकाळ दाब मोजून नोंद ठेवा आणि ती वही दाखवा. वॉर्फरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, वाढत्या वयाची मुलं यांत हा आहार स्वतःच्या मनाने नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा रिकामा होतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं, इन्शुलिन उतरल्याने मूत्रपिंडं मीठही जास्त टाकतात. सुरुवातीचे दीड-दोन किलो म्हणजे बहुतांशी हेच पाणी, चरबी नव्हे. ज्यांना मीठ वर्ज्य नाही त्यांनी दिवसातून एक-दोनदा मिठाचा पातळ रस्सा किंवा पायाचं सूप घ्यावं.

शेवग्याचा पाला

शाकाहाऱ्यांसाठी स्पष्ट लिहिते. अंडी नाही, दूध नाही, डाळ नाही, असा पेलिओ चालवू नये. प्रथिनं आणि बी-१२ दोन्ही तुटतात. अंडी खाणाऱ्यांना जमतं. अंडीही नकोत तर तमिळनाडूचा पनीरवाला प्रकार घ्या: १०० ग्रॅम पनीरला १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं.

बदामांचा हिशेब बघा. शंभर बदाम म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, जवळजवळ ७०० उष्मांक, २५ ग्रॅम प्रथिनं. हे पूर्ण जेवण आहे. जेवणाऐवजी खाल्ले तर ठीक, जेवणावर तोंडात टाकले तर वजन वाढणारच. रात्रभर भिजवायचे आणि सावकाश चावून खायचे, नाहीतर पोट फुगतं.

ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी बदामांच्या वाटेला जाऊ नये. बदामात ऑक्झलेट (ज्यापासून खडे बनतात तो घटक) भरपूर, पालकात त्याहून जास्त, आणि पेलिओवाले नेमके हेच दोन रोज खातात. पालकाऐवजी मेथी, लाल कोबी, दुधी, पडवळ, दोडका आणा, पाणी अडीच-तीन लिटर.

दूध सुटल्यावर कॅल्शियमकडे लक्ष हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीत प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम सांगितलंय. काट्यासकट खाता येणारी मांदेली, मोतके, शेवग्याचा पाला, तीळ, यांतलं काहीतरी रोज ताटात असू द्या.

बारापाटी

@शेवग्याचा पाला, ताई, आयोडीनची भर घालतो. दूध बंद, आणि त्यात साध्या मिठाऐवजी सैंधव, ही जोडी वाईट. आयोडीनयुक्त मीठच वापरा. स्वीडनमधल्या उमेओ इथे पाळी गेलेल्या ७० स्थूल स्त्रियांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला होता, त्यात पेलिओ गटात आयोडीनची पातळी घसरलेली दिसली.

याच अभ्यासाचे २०१४ साली आलेले निष्कर्ष आणखी एका कारणाने वाचण्यासारखे. सहा महिन्यांनी पेलिओ गटाची चरबी जास्त उतरली होती, पण दोन वर्षांनी पेलिओ गट आणि तुलनेसाठी घेतलेला दुसरा गट यांच्या वजनात ठळक फरक उरला नाही. ट्रायग्लिसराइड मात्र पेलिओ गटात कमीच राहिलं. म्हणजे पहिलं अर्धं वर्ष सोपं, पुढचं दीड वर्ष टिकवणं अवघड, आणि तयारी त्या दीड वर्षाची करायची.

'आदिमानव धान्य खातच नव्हता' हा दावा मात्र सोडून द्या. जॉर्डनमध्ये शेतीच्या कितीतरी आधीचे, चौदा हजारांवर वर्षांपूर्वीचे भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळालेले आहेत. आहाराचा उपयोग त्या दाव्यावर अवलंबून नाही.

उंबरठा

एक प्रश्न: एकादशी-चतुर्थीला काय? आणि दोन-तीन महिन्यांनी वजन थांबतं ते का?

कोकमआगळ

@उंबरठा, उपवासाला चालतं ते पेलिओला चालतंच असं नाही. वरी हे धान्य, शेंगदाणे कडधान्य, राजगिऱ्याचं पीठही कडक नियमात बसत नाही. साबुदाणा कंदापासून होतो खरा, पण तो निव्वळ पिष्ट. सुरण, रताळं, अळकुड्या, कोकणातली कणगरं आणि करांदे बिनधास्त. उकडलेल्या सुरणाच्या फोडी जिरं-मिरचीवर परतून वर ओलं खोबरं, बरोबर पातळ सोलकढी. सुरण आणि अळू खाजतात ते त्यातल्या ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे, उकडताना चिंच किंवा कोकम घालायला विसरू नका. पावसाळ्यात शेवळं (रानभाजी) आणलीत तर त्यांना तर काकडं (आंबट रानफळ) किंवा चिंच हवीच.

मासळीबाजार

वजन थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नकला. बदामाच्या पिठाची भाकरी, खजुराचे लाडू, खोबऱ्याची बिस्किटं. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे १७० उष्मांकांची, तेवढ्याच बदामपिठाची २९०ची. नाव पेलिओ असलं तरी ताट जड झालं. गुंडाळायला काही हवंच असेल तर दोन अंडी चमचाभर पाण्यात फेटून मंद आचेवर पातळ पोळी करा, दीडशे उष्मांकांत काम होतं. तूप-तेल मिळून दिवसाला दोन-तीन मोठे चमचे पुरे, एका चमच्यातच १२० उष्मांक असतात. फळ एक, आंब्याच्या दिवसांतही एकच.

काचपट्टी

तपासण्यांबद्दल. सुरू करण्याआधी: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक ॲसिड, एसजीपीटी (यकृतासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. पुन्हा तीन महिन्यांनी, एचबीएवनसी त्याआधी करण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री भरपेट मटण खाल्लं तर क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, घाबरून जाऊ नका, हलकं जेवून पुन्हा करा. वजन भराभर उतरताना युरिक ॲसिड वाढतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो ही गती चांगली.

काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरंच चढतं. 'चांगलं कोलेस्टेरॉल वाढलंय ना' म्हणून ते सोडून देऊ नका. तूप, लोणी, खोबरं कमी करून मासे, अक्रोड, बदाम वाढवा आणि दोन महिन्यांनी परत बघा. तरी वरच असेल तर हा आहार त्या माणसाचा नाही.

काट्याइतकीच टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सीमा धरतात.

बारापाटी

टिकवण्यासाठी धान्य-कडधान्य परत आणायचं असेल तर एका वेळी एकच वस्तू, आठवडाभर. मधुमेह नसलेल्यांनी पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघावी, १४०च्या खाली राहिली तर तेवढं प्रमाण सोसतं. मधुमेहींनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पहिल्या आठवड्यात वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, पुढच्या आठवड्यात अर्धी ज्वारीची भाकरी, भात सगळ्यात शेवटी. भाकरी खायची ती भाजी आणि मासा अर्धा संपल्यावर. सुरुवातीलाच नको.