अनुभव धागा: पोस्ट उडाली, आता?

समाजमाध्यमावरचं लिखाण सरकारी आदेशाने किंवा कंपनीच्या नियमाने गायब झालं, तर नेमकं काय करायचं? या कामातल्या जाणकारांनी लिहावं. रडगाणी नकोत, कलमं आणि मुदती द्या.

दप्तरदार
आधी पोस्ट कोणत्या दाराने गेली ते ओळखा. दारं तीन. पहिलं, कंपनीचे स्वतःचे नियम. दुसरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ, म्हणजे सरकारचा मजकूर रोखायचा आदेश. तिसरं, त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब), म्हणजे मजकूर हटवायची सरकारी सूचना. पोस्ट भारतात दिसत नाही पण परदेशातल्या मित्राला दिसते, तर बहुधा दुसरं किंवा तिसरं. कंपनीचा ई-मेल स्पॅममध्येही शोधा, कायदेशीर मागणीचा उल्लेख त्यातच असतो.

कलमबहाद्दर
६९अ चा आदेश केंद्राचाच लागतो. राज्याच्या पोलिसांना फक्त नोडल (त्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्यामार्फत विनंती पाठवता येते. कारणंही मोजकी: सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी त्यात नाही! पुढाऱ्याची टिंगल हे कारण इथे चालत नाही.

घोळ होतो तो ६९अ खालच्या २००९ च्या नियमांत. नियम ८ म्हणतो, 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' (मध्यस्थ म्हणजे समाजमाध्यम कंपनी) यांना नोटीस द्या, उत्तराला किमान ४८ तास. त्या 'किंवा'मुळे नोटीस कंपनीला जाते, लिहिणारा कोरडाच. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने (२४ मार्च २०१५) लेखक सापडत असेल तर त्याचंही ऐकायला सांगितलं आहे. अर्जात हे लिहाच. माहिती अधिकारात आदेश मागितला की नियम १६ ची गोपनीयता पुढे करतात. तरी वाट बंद नाही. हुंड्याची खिल्ली उडवणारं एक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद केलं गेलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली.

दप्तरदार
७९(३)(ब) जास्त निसरडं. सूचना ऐकली नाही तर लोकांच्या पोस्टबद्दल कंपनीला असलेलं कायदेशीर कवच जातं, म्हणून ती भांडत बसत नाही, पोस्ट उडवून मोकळी होते. सूचना सरकारच्या 'सहयोग' पोर्टलवरून जातात. त्याविरुद्धची एक्सची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. १५ नोव्हेंबर २०२५ पासून सूचना देणारा अधिकारी साधारणपणे सहसचिव दर्जाचा हवा, पोलिसांत उपमहानिरीक्षक, आणि कायदेशीर आधार व नेमका दुवा लिहायला हवा. हे नसेल तर बोट तिथेच ठेवा.

खटपट्या
पुराव्याचं कुणी बोललं नाही. पोस्टचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि खात्याचा डाउनलोड केलेला डेटा, तिन्ही ठेवा. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं, हॅश (फाइलचा अंकी ठसा) बदलतो, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशच लिहायचा असतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

सरळमार्गी
पहिल्या दारासाठी: कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, पोच २४ तासांत. निकालाला माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या मूळ नियमांत १५ दिवस होते. मुदती बदलत राहतात, अद्ययावत प्रत बघा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील.

कलमबहाद्दर
त्या समितीवरची माणसं केंद्रच नेमतं, हे विसरू नका. सरकारी आदेशाविरुद्ध तिथे वेळ घालवण्यापेक्षा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय बरं.

चावडी
पोलिसांचा फोन आला तर? ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं ६६अ लावलं असेल तर ते २०१५ सालीच श्रेया सिंघल निकालात रद्द झालंय. फेसबुक पोस्टवरून पालघरला २०१२ मध्ये झालेल्या अटकांनंतर तो खटला उभा राहिला होता. बदनामी (न्याय संहिता ३५६) अदखलपात्र आहे, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या कलमांत आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी मागा, आधार नागरिक सुरक्षा संहिता १७३(३). अभिव्यक्तीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर भर दिलाय. आणि त्याच संहितेच्या कलम ३५ ची हजेरीची नोटीस व्हॉट्सॲपवर आली तर ती बजावणी धरली जात नाही. तरी गप्प बसू नका, कागदावर मागून घ्या.