मदत हवी आहे: रंकाळ्याचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅम) सकाळी २.४ आणि दुपारी १३.८, मीटर गेला का?

नमस्कार मंडळी. एमएस्सी दुसरं वर्ष, एन्व्हायर्नमेंटल सायन्स. डिझर्टेशनचा विषय कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं पाणी आणि भोवतालच्या जमिनीच्या वापराचा त्यावर होणारा परिणाम, ऐकायला लई भारी वाटतंय पण आता पार अडकलोय.

तीन ठिकाणं धरलीत, टॉवरजवळ, संध्यामठाकडं आणि श्याम सोसायटीचा नाला येऊन मिळतो तिथं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच एकाच दिवशी दोनदा गेलो. सकाळी साडेसहाला टॉवरजवळ डीओ २.४ आणि पीएच ७.६. दुपारी तीनला तीच पायरी, तोच मीटर, डीओ १३.८ आणि पीएच ९.३! सर म्हणाले मीटर कॅलिब्रेट केला नसशील, दुपारचं रिडिंग काढून टाक. मी काढलं नाही अजून, कारण कॅलिब्रेट केला होता, शप्पथ.

पाणी हिरवंगार आहे, ओंजळीत घेतलं की रंग कालवल्यासारखं बोटांना चिकटतंय. सेक्की डिस्क (पाणी किती नितळ ते बघायला खाली सोडायची चकती) ३५ सेंटीमीटरला दिसेनाशी होते.

दुसरा घोळ नकाशाचा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएम (जमिनीच्या उंचीचा डेटा) टाकून पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी तलावात येतं तो भाग, काढला, त्यावर सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रांवरून वस्ती, ऊस, मोकळी जमीन असे टक्के काढले. आता हे टक्के आणि पाण्याची रिडिंगं जोडायची कशी? तलाव एक, पाणलोट एक, कोरिलेशन काढायचं कशाचं कशाशी? सबमिशनला दीड महिना राहिलाय. कुणी असलं काम केलं असेल तर सांगा.

बादलीवाला
भावा, मीटर ठणठणीत आहे. तलाव आजारी आहे.

दिवसा ऊन असताना शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री शेवाळासकट सगळेच तो ओढतात, म्हणून पहाटे तळ गाठलेला असतो. ३० डिग्रीच्या पाण्यात हवेतून विरघळून साडेसातच्या आसपास डीओ मावतो, त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे अजून थोडा कमी. तुझा १३.८ म्हणजे जवळपास दुप्पट, तो हवेतून आलेला नाहीच. पीएच पण त्यामुळंच चढला, शेवाळानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाल्ला. दुपारचं रिडिंग अजिबात काढू नकोस, तुझ्या थिसिसमधलं सगळ्यात कामाचं रिडिंग तेच आहे.

तरी सरांची खात्री पटवायची तर एकदा विंकलर (रसायनं घालून डीओ मोजायची पद्धत) कर. ३०० मिलीची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे जंतूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन), नळी तळाला टेकवून भर, पाणी वरून वाहू दे, बुडबुडा अडकू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड तिथंच पायरीवर घालायचं, लॅबमध्ये नेऊन नाही. तांबूस साका खाली बसला की मग निवांत ने.

तळ्यातमळ्यात
वरच्यांशी सहमत, एक भर घालते. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला, म्हणजे बी वर्गाला, डीओ ५ किंवा जास्त लागतो, बीओडी ३ किंवा कमी, पीएच साडेसहा ते साडेआठ. तुमचं सकाळचं पाणी डीओवर नापास आणि दुपारचं पीएचवर. सकाळी अकराला गेला असतात तर कदाचित दोन्हींत पास! महिन्यातून एकदा सोयीच्या वेळी बाटली भरून आणणारे कित्येक प्रोजेक्ट असेच "पाणी समाधानकारक" लिहून मोकळे होतात.

अमोनिया मोजताय का? ९.३ पीएचला पाण्यातला निम्म्याच्या आसपास अमोनिया मुक्त रूपात असतो, ७.६ ला दोनेक टक्के. माशांना मारतो तो मुक्तच. नमुना तोच, वेळ बदलली की विषारीपणा बदलतो.

आणि बीओडी लावताना दुपारचं पाणी आधी हलवून जादाचा ऑक्सिजन काढून टाका. अंधारात शेवाळ पण श्वास घेतं, तेव्हा एक बाटली गाळलेल्या पाण्याची लावा, एक न गाळलेल्या. दोन्हींतला फरक बघितल्यावर कळेल सांडपाणी किती आणि शेवाळ किती.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार दोघांचे. आणि बादलीवाले, भावा नाही, ताई म्हणा. कोल्हापुरात पोरी पण "आलो-गेलो"च म्हणतात :)

सेक्कीवरून कार्लसनचा इंडेक्स (तलावात शेवाळ किती माजलंय त्याचा आकडा) काढला, ७५ आला. हायपरयुट्रॉफिक, म्हणजे अतिपोषित, लिहू ना? आणि नकाशाचं कुणी बोललंच नाही.

बादलीवाला
चुकलो ताई. उन्हाळ्यात लिहा, पावसाळ्यात नको. तो इंडेक्स धरून चालतो की गढूळपणा शेवाळाचा आहे, जूनमध्ये माती वाहून आली की आकडा तसाच येईल आणि अर्थ साफ वेगळा.

ओढ्याकाठचा
नकाशाचं मी सांगतो, यात माझे हात पोळलेत. ३० मीटरच्या पिक्सेलला गटार दिसत नाही. रस्ता, बांध, पाइप यानं शहरातलं पाणी उताराला न जुमानता कुठलं कुठं जातं. माझ्या कामात नकाशानं अख्खी एक कॉलनी पाणलोटाच्या बाहेर टाकली होती आणि तिचं गटार थेट तळ्यात. चालत जा. रंकाळ्याला लागूनच्या परताळ्याकडनं सुरू कर, प्रत्येक नाळं कुठनं येतंय बघ, धुण्याच्या चावीवर (कपडे धुवायच्या जागी) बसणाऱ्या बायकांना विचार, त्यांना क्यूजीआयएसपेक्षा जास्त ठाऊक असतंय.

टक्क्यांचं कोरिलेशन सोडून दे. एका तलावावर ते होत नाही. लोड काढ, म्हणजे शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट नाला दिवसाला किती आणतो ते. नाल्याची रुंदी गुणिले खोली गुणिले वेग म्हणजे सेकंदाला येणारं पाणी, वेगासाठी संत्रं सोड आणि दहा मीटरला किती सेकंद लागले ते मोज, वरचं पाणी जास्त पळतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८ नं गुण. मग सोपं आहे, लिटरला १ मिलिग्रॅम फॉस्फेट आणि सेकंदाला १ लिटर पाणी म्हणजे दिवसाला ८६.४ ग्रॅम.

आता ऊस की सांडपाणी, हे ओळखायची युक्ती. तोच नाला कोरड्या दिवसांत आणि पाऊस पडून गेल्यावर मोज. पाणी वाढल्यावर फॉस्फेटचं प्रमाण उतरलं तर ते बारमाही गटाराचं, पावसानं नुसतं पातळ केलं. चढलं तर शेतातनं, मोकळ्या जागेतनं धुऊन आलं. दीड महिन्यात वळीव एखादा तरी होईलच, बाटल्या तयार ठेव. तळातला गाळ पण वरून काही न येता फॉस्फेट सोडतो, ते एक वाक्य मर्यादांमध्ये टाकून ठेव, व्हायव्हाला हमखास विचारतात.

मूळ प्रश्नकर्ता
डोकं ताळ्यावर आलं एकदम. रविवारी परताळ्यापासून चालायला सुरू करतो. बाटल्यांवरून आठवलं, फॉस्फेटचे आठ नमुने आधीच झालेत, त्या बाटल्या घरी भांड्याच्या पावडरीनं घासल्या होत्या. त्यानं काही होतंय का?

तळ्यातमळ्यात
अगं बाई. होतंय. पावडरीत फॉस्फेट असू शकतं आणि ते काचेला धरून बसतं. पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडनं धू, मग डिस्टिल्ड वॉटरनं चारपाच वेळा, आणि धुतलेल्या एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड भरून त्याचं पण रिडिंग घे. ते आठ नमुने तक्त्यात धरू नकोस.

मूळ प्रश्नकर्ता
आठही?

तळ्यातमळ्यात
आठही.