मदत हवी आहे: मुंबईत फेटाळलेलं अपील कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं पुन्हा घालता येतं का?

नमस्कार. मी कागल तालुक्यातली. कायद्यातलं फारसं कळत नाही, म्हणून जाणकारांना विचारतेय.

माझा थोरला भाऊ कळंबा जेलमध्ये आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये बांधावरून मारामारी झाली, त्यात एक माणूस गेला. दादाला त्याच रात्री उचललं. २०१४ ला सेशन कोर्टानं ३०२ खाली जन्मठेप दिली. मुंबई हायकोर्टातलं अपील २०१९ ला फेटाळलं. दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेलो, तिथं दोन ओळींत निकाल लागला. फेरविचाराचा अर्ज केला, तोही गेला. या सगळ्यात दीड एकर विकलं. उसाचं रान होतं, पाण्याखालचं.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. तेव्हापासून गावात जो तो म्हणतो, "आता हायकोर्ट दारात आलंय, पुन्हा अपील घाला." कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका गृहस्थांनी तर खात्रीच दिली. नवीन बेंच, नवीन न्यायाधीश, सगळं पहिल्यापासून ऐकतील म्हणाले. कागदपत्रांसकट नव्वद हजार मागितलेत, निम्मे आधी.

शिवाय तेव्हाचा एक साक्षीदार आता म्हणतोय की अंधारात वार कुणी केला ते त्याला नीट दिसलं नव्हतं. लिहून द्यायला तयार आहे.

परवा आईनं साबण लावून हातातल्या पाटल्या काढल्या आणि फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवल्या. मनगट सोललं होतं. तिला हो म्हणू की नको म्हणू, एवढं सांगा. आणि अपील होत नसेल तर दादासाठी दुसरं काय करता येईल?

प्रतिसाद १

ताई, पाटल्या आईच्या हातात परत घाला. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका.

सर्किट बेंच म्हणजे वेगळं कोर्ट नव्हे. ते मुंबई उच्च न्यायालयच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात, एवढाच फरक. २०१९ चा निकाल याच कोर्टाचा आहे. फौजदारी निकालावर एकदा सही झाली की लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक सोडून त्या कोर्टाला त्यात बदल करता येत नाही. पूर्वी हे सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६२ मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ मध्ये आहे. न्यायाधीश बदलले, इमारत बदलली, तरी तेच.

सुप्रीम कोर्टातही दुसरा फेरविचार अर्ज चालत नाही, त्यांच्या २०१३ च्या नियमांतच तसं आहे. उरते क्युरेटिव्ह पिटीशन, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर सुप्रीम कोर्टातच करायचा शेवटचा अर्ज. २००२ च्या रूपा अशोक हुर्रा निकालानं ती वाट काढली, पण ती फार अरुंद आहे. बाजू ऐकूनच घेतली नाही, न्यायाधीशांचा हितसंबंध होता, अशाच कारणांवर ती टिकते आणि ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. साक्षीदाराचं मन बदललं एवढ्यावर ती उभी राहत नाही. नवा पुरावा अपील चालू असताना आणता येतो, त्याची वेळ गेली.

हे वाचून वाईट वाटेल, पण चौथ्यांदा पैसे घालवण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे. मी बरीच वर्षं कैद्यांच्या मोफत कायदेशीर मदतीचं काम करतोय, म्हणून पुढचं सांगतो.

ताई, आता कोर्टाकडून सरकारकडं वळा. जन्मठेपेत १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावर शासन मुदतपूर्व सुटकेचा विचार करू शकतं (नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४७३ आणि ४७५). खटला चालू असतानाची कैद त्यात धरतात, म्हणजे तुमचा हिशोब २०१२ पासून. धोरण असलेल्या राज्यांनी पात्र कैद्याचा विचार त्याच्या अर्जाची वाट न बघता करावा, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरी अर्ज द्याच. शिक्षा झाली तेव्हाचं धोरण लागू होतं, नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर ते. ही सुटका हक्कानं मिळत नाही, पण विचार करून घेण्याचा हक्क आहे.

साक्षीदाराचं म्हणणं वाया जाऊ देऊ नका. संविधानाच्या कलम १६१ खाली राज्यपालांकडं दयेचा अर्ज करता येतो. दयेचा अर्ज बघताना पुरावा नव्यानं तपासून कोर्टापेक्षा वेगळं मत करता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९८८ च्या केहर सिंग निकालात आहे. तो राष्ट्रपतींच्या अधिकाराबद्दल होता, पण राज्यपालांचा अधिकारही त्याच जातीचा. प्रतिज्ञापत्र तिथं जोडा. मात्र साक्षीदाराला आधी स्वतःचा वकील बघू दे. शपथेवरची साक्ष फिरवली तर तो स्वतः अडचणीत येऊ शकतो.

वकिलाला पैसे लागणार नाहीत. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन लावा. एक विचारतो, दादा कोरोनात पॅरोलवर घरी होते का?

धागाकर्ती

होय, जवळपास पावणेदोन वर्षं. आम्ही तर यंदाच्या ऑगस्टमध्ये चौदा पूर्ण होणार म्हणून दिवस मोजत होतो.

प्रतिसाद २

ते दिवस चौदात धरत नाहीत, ताई. तुरुंगातून नॉमिनल रोल मागून घ्या. प्रत्यक्ष भोगलेली वर्षं, महिने, दिवस त्यात लिहिलेले असतात. मनातल्या हिशोबावर जाऊ नका. तोपर्यंत संचित रजा (फर्लो) किती शिल्लक आहे तेही विचारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच आईला वाचून दाखवलं. ऑगस्टचं ऐकून बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अजून दोन वर्षं मी जगतीय." पाटल्या चढत नव्हत्या, हात सुजलाय. फडक्यासकट तिच्या पेटीत ठेवल्या. बुधवारी मुलाखत आहे, तेव्हा दादाकडून नॉमिनल रोलच्या अर्जावर सही घेते. प्राधिकरणात जाताना तीनही निकालांच्या प्रती न्याव्या लागतील का? सुप्रीम कोर्टाची आमच्याकडं नुसती झेरॉक्स आहे.