मासात्लानचं कार्ड संपत आलंय: तीन वर्षांसाठी वाढवावं की गाशा गुंडाळावा? मदत हवी आहे

बंदरावरचा_आजोबा

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी ६७, सौ. ६४. मिशिगनमध्ये ३१ वर्षं काढली, पोरं मार्गी लागली आणि गेल्या डिसेंबरात बिऱ्हाड हलवलं ते थेट मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मासात्लानला. दर हिवाळ्यात दारातला बर्फ उपसून माझी कंबर कामातून गेली होती, आणि पेन्शनीत तिकडे हात राखूनच जगावं लागलं असतं. पुण्यात आता आमचं म्हणावं असं कोणी उरलेलं नाही. भाऊ सांगलीला असतो. इथे सकाळचे सात वाजले की तिकडे संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे रोज चहाच्या वेळी फोन होतो तेवढाच.

आता अडचण. इथलं तात्पुरतं निवासी कार्ड पहिल्यांदा एकाच वर्षाचं मिळतं. पुढच्या वेळी एकदम तीन वर्षांचं करता येतं, आणि अशी चार वर्षं भरली की कायमचं. आमचं कार्ड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. अर्ज त्याआधीच्या ३० दिवसांत करायचा. म्हणजे नोव्हेंबरात काय ते ठरायला हवं, आणि माझं काही ठरत नाही.

गाव छान आहे, यात वाद नाही. मालेकोन, म्हणजे समुद्राच्या कडेने जाणारा फरसबंद रस्ता, २१ किलोमीटर आहे. मरीन ड्राइव्ह पाच-सहा वेळा जोडा. आमचं घर जुन्या गावात, प्लाझा माचादोपासून चालत सात मिनिटांवर. फिरायला पुल्मोनिया नावाच्या टॅक्सी असतात: वर छत, बाजू सताड उघड्या. पुल्मोनिया म्हणजे न्यूमोनिया! वारा खात बसलात तर तोच होणार, अशी कोणीतरी थट्टा केली आणि नाव चिकटलं म्हणे.

पण उन्हाळ्याचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही जानेवारीच्या हवेत ऐकलं नसेल. जून ते ऑक्टोबर म्हणजे मुंबईचा मे महिना, रात्रीसुद्धा. ज्या कॅनडावाल्यांबरोबर हिवाळाभर पत्ते कुटले, ते एप्रिलच्या शेवटी भराभर उडून गेले. आमच्या इमारतीत बावीस घरं, जुलैत दिवे लागायचे चार. ऑक्टोबर संपेपर्यंत वादळाची धास्ती वेगळीच. २०१८ चं विला याच महिन्यात इथून दक्षिणेला एस्क्विनापाजवळ धडकलं होतं, ती गोष्ट प्रत्येक दुकानदार आम्हाला नव्याने सांगतो.

त्यात जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल आलं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मे-जूनच्या जवळजवळ तिप्पट! एसी आम्ही फक्त झोपायच्या खोलीत लावतो हो. असं का होतं?

दुसरं, मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. विम्याचं काय करतात इथे लोक? तिसरं, घरमालक म्हणतो, फ्लॅट विकत घ्या, भाडं कशाला भरता. परदेशी माणसाला किनाऱ्यावर मालकी मिळत नाही असं ऐकलंय, तर हा विकतोय काय?

आणि शेवटचं, खरं म्हणजे तेच पहिलं. हिला इथे करमेल का? मराठी माणूस औषधालाही नाही, देऊळ नाही. सकाळी ही आकिलेस सेर्दान रस्त्यावर जाते. तिथे बायका टबांत कोळंबी मांडून बसतात, त्यांना चांगेरा म्हणतात. अगदी आपल्या कोळणी, आवाजासकट. हिचं माहेर रत्नागिरी, त्यामुळे ही तिथे तासभर रमते. येताना सुकी कोळंबीसुद्धा आणते, सोड्यांची खिचडी होते. पण दिवसाचे बाकीचे तास? असं किती वर्षं चालणार?

अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा. रागावणार नाही.

—

शंकेखोर_सदाशिव

काका, स्पष्ट लिहितो. तुमचं मासात्लान ज्या राज्यात आहे, त्या सिनालोआचं नाव आम्हाला पुण्यात बसून फक्त टोळीयुद्धाच्या बातम्यांतून माहीत. या वयात तिथेच का? कोकणात घर बांधलं असतं तर समुद्रही होता आणि सोडेही.

—

बंदरावरचा_आजोबा

सदाशिवराव, रास्त प्रश्न. सप्टेंबर २०२४ पासून टोळीच्या दोन गटांत जुंपली आहे, तिचा मुख्य जोर राज्याची राजधानी कुलियाकानकडे. इथे रोजच्या जगण्यात भाजी, बँक, फिरणं सगळं चालू असतं, पण झळ लागतच नाही असं म्हणणार नाही. आम्ही अंधार पडल्यावर महामार्गावर जात नाही. कोण काय करतं याची चौकशी करत नाही. हिला काळजी वाटत नाही, मला वाटते.

—

ग्वादालाहाराची_सून

काका, आम्ही मेक्सिकोतच, ग्वादालाहारात नऊ वर्षं आहोत. नवरा आयटीत, इथे भारतीय बऱ्यापैकी आहेत. गणपतीत या!

विजेचं आधी. इथे बिल दोन महिन्यांचं येतं, हे ध्यानात घ्या. घरगुती विजेला सरकारी सवलत असते, पण गेल्या १२ महिन्यांची सरासरी तुमच्या भागाच्या मर्यादेपलीकडे गेली की सवलत जाते आणि 'दाक' नावाचा दर लागतो. जास्त वापरणाऱ्या घरांचा दर. बिलावर तारीफा, म्हणजे दर, लिहिलेलं असतं, तिथे डी-ए-सी दिसतंय का बघा. आणि सरासरी मीटरची असते, तुमची नाही. मीटर मालकाच्या नावावर असणार. तुमच्या आधीच्या भाडेकरूने तिन्ही खोल्यांत एसी चालवला असेल तर ते पाप तुमच्या माथी. मागची बिलं मागून घ्या. मागच्या खपाचा तक्ता बिलावरच छापलेला असतो. यातून बाहेर यायलाही सरासरीच खाली उतरावी लागते, त्यामुळे एक महिना घामाघूम बसून उपयोग नाही. एसी जुना असेल तर मालकाला इन्व्हर्टरवाला लावायला सांगा. आमचा फरक डोळ्यांना दिसला.

घराबद्दल. किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट मालकी नाही, हे राज्यघटनेच्या २७व्या कलमातच आहे. पण बँकेमार्फत घेता येतं, त्याला फिदेइकोमिसो म्हणतात. कागदावर नाव बँकेचं. राहणं, विकणं, वारसाला देणं हे हक्क तुमचे. मुदत ५० वर्षं, नंतर वाढवता येते. बँक दरवर्षी फी घेते. त्यामुळे मालक फसवतोय असं नाही. पण कागद नोतारिओकडून तपासून घ्या. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नोटरी नव्हे हा. इथला नोतारिओ बडा वकील असतो, त्याच्या सहीशिवाय खरेदीखत होत नाही. आणि गावाबाहेर कोणी स्वस्तात प्लॉट दाखवला तर 'एहिदो' आहे का, हा पहिला प्रश्न. ती गावाची सामाईक शेतजमीन. आपल्याकडे सातबाऱ्यावर भलतीच नावं निघतात ना, त्याची थोरली बहीण.

माझं मत विचाराल तर पहिल्या उन्हाळ्यानंतर लगेच कोणी घर घेऊ नये.

अजून एक, गाडी मिशिगनच्या पाटीची आहे का? तिचा तात्पुरता परवाना तुमच्या कार्डाला बांधलेला असतो. कार्ड वाढवलंत की सीमाशुल्कवाल्यांना वेळेत कळवा, नाहीतर भरलेली अनामत जाते. चार वर्षांनी कायमचं कार्ड झालं की ती गाडी ठेवता येणार नाही.

—

बंदरावरचा_आजोबा

सूनबाई, तुमचे पाय कुठे आहेत? बिलावर खरंच डी-ए-सी आहे. मी ते गावाचं संक्षिप्त नाव समजत होतो.

गाडीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ४०० डॉलर अडकलेत तिथे.

—

तिरफळ

अवांतर: आधी सोड्यांच्या खिचडीचा फोटो टाका!! आणि सुरमई मिळते का?

—

बंदरावरचा_आजोबा

सुरमईची सख्खी चुलत बहीण मिळते, सिएर्रा म्हणतात. पहाटे प्लाया नोर्तेला होड्या लागतात तिथे ताजी घ्यायची. इथले लोक ती लिंबात मुरवून कच्चीच खातात, आम्ही रव्यात घोळवून तळतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ताट घेऊन नवरा पाठवला.

घोळाची भाजीही मिळते बरं का, वेर्दोलागा नावाने. राजगिऱ्याची वडी मिळते, तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. ही शाकाहारी वार पाळते तेव्हा मात्र पंचाईत. बाहेरच्या राजम्यात डुकराची चरबी असते आणि भातात कोंबडीचं पाणी. 'सिन मान्तेका', म्हणजे चरबीशिवाय, हे हिचं पहिलं स्पॅनिश वाक्य. तूरडाळ नाही, ती मुलगी येताना आणते.

—

ऱ्हाइनकाठचा_गोंधळी

तूरडाळीशिवाय ११ महिने! दंडवत घ्या.

—

ह्यूस्टनचा_हिशेबनीस

विम्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मोठ्या भावाने मेक्सिकोतल्याच पुएर्तो वायार्तात यात हात पोळून घेतले आहेत.

अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, मेक्सिकोत जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून लोक 'पार्ट बी' चा, म्हणजे त्यातल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता बंद करतात, इथेच चूक होते. पुढे परत यावं लागलं आणि पुन्हा घ्यायला गेलात, तर न भरलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्के जास्त, आणि तो जन्मभर. परतायची जरा जरी शक्यता असेल तर भरत राहा.

मेक्सिकोच्या सरकारी विम्यात, इम्समध्ये, निवासी कार्डवाल्याला वर्षाची रक्कम भरून स्वतःहून शिरता येतं. रक्कम वयाप्रमाणे. पण आधीपासूनचे आजार विचारतात, काही असतील तर घेत नाहीत, काहींचा खर्च सुरुवातीला देत नाहीत. मधुमेह लपवू नका. कार्यालयात जाऊन सध्याचे नियम लेखी घ्या. खाजगी विमा ६५ नंतर नव्याने मिळणं अवघड. भावाने शेवटी काय केलं, तर रोजच्या दुखण्याला तिथले डॉक्टर रोख पैसे देऊन (ते स्वस्त आहेत, आणि वेळ देऊन बोलतात), मोठ्या दुखण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, आणि विमानात बसता येत असेल तर ह्यूस्टन. खाजगी रुग्णालयात भरती होताना कार्डावर आधी अनामत घेतात, त्यामुळे क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून ठेवा. आणि वहिनींना त्या कार्डाचा पिन माहीत हवा. भावाच्या वेळी नेमकं तेच अडलं.

—

गिरगावची_मीनल

काका, लहान तोंडी मोठा घास घेते. तुमचा धागा दोनदा वाचला. वहिनी पहाटे होडीवर जातात, कोळणींशी गप्पा मारतात, खालच्या बाईंना मासे पाठवतात, चरबीवरून स्वैपाक्यांशी वाद घालतात. काळजी तुम्हाला वाटते, बिल तुम्ही वाचता, पत्त्यांचा डाव तुमचा मोडला. करमत नाही ते नक्की कोणाला?

—

तिरफळ

+१. मीपण हेच लिहिणार होते, धीर झाला नाही.

—

बंदरावरचा_आजोबा

दोन दिवस उत्तर दिलं नाही. रागावलो नव्हतो.

हिला धागा वाचून दाखवला. मीनलच्या प्रतिसादाला ही इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, मला विचारायचंस की.

खरं आहे ते. इथे येण्याआधी मी सहा महिने स्पॅनिशचा वर्ग केला. क्रियापदांचे तक्ते अजून पाठ आहेत. 'उस्तेद' आणि 'तू' कुठे वापरायचं ते बरोबर कळतं, कारण आपल्याकडे तुम्ही आणि तू आहेच. (आणि त्यांचा 'तू' चक्क आपलाच.) पण तोंड उघडत नाही. माझी भाषा शुद्ध आणि बंद, हिची मोडकी आणि अखंड चालू. प्लंबर 'आओरिता' म्हणाला की मी घड्याळ लावून बसतो. ही म्हणते, अरे, ते आपलं 'हा काय, पाच मिनिटांत आलोच' आहे, जेवून घे.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे मेलेल्या माणसांचा सण असतो, घरात फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात, झेंडूची आरास करतात. झेंडू मूळचा इथलाच, सेंपासुचिल म्हणतात. बाजार सध्या दसऱ्यासारखा पिवळाधमक आहे. बाईंनी विचारलं, तुमच्या आईचा फोटो आहे का, आमच्या ओळीत ठेवू. आणि तिला काय आवडायचं?

सर्वपित्रीला मी काहीच केलं नव्हतं. कावळा नाही, केळीचं पान नाही, म्हणून सोडून दिलं. मी 'थालीपीठ' म्हणालो, तेही मराठीतच. मग त्यांना समजावून सांगताना अर्धा तास बोललो. स्पॅनिशमध्ये. भूतकाळ बहुधा सगळा चुकला.

भाजणी संपली आहे. ही म्हणते, मक्याच्या पिठात कांदा-मिरची घालून थापू, सासूबाई चालवून घेतील.

तर मंडळी, फ्लॅट घेत नाही. मालकाला नवा एसी लाव म्हणून सांगितलंय, तो 'आओरिता' म्हणालाय. पार्ट बी चालू ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात जुलै-ऑगस्ट मुलीकडे डेन्व्हरला, तेवढीच मीटरची सरासरी उतरेल. खालच्या बाईंचे यजमान संध्याकाळी चौकात डॉमिनो खेळतात, चौथा गडी उन्हाळ्यात गेला म्हणाले. डाव सोपा वाटतोय.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कार्डाच्या कार्यालयात जातोय, तीन वर्षांसाठीच. एकच शंका उरली. तिथे फोटो काढताना चष्मा काढायला लावतात का? चष्म्याशिवाय मी माझ्या वडिलांसारखा दिसतो.

—

ग्वादालाहाराची_सून

लावतात. वहिनींना कानातलंही काढून ठेवायला सांगा. आणि केस कानामागे!