मदत हवी आहे: सर्बो-क्रोएशियन विभक्त्या आणि बदलणारे आवाज

नमस्कार मंडळी, कोणी सर्बियन किंवा क्रोएशियन शिकलंय का इथे? मी तीन महिने झाले घरीच शिकतोय, ७ विभक्त्या आहेत त्याचं काही नाही, आपण मराठीवाले, प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं रूप बदलतं हे आपल्याला नवीन नाही. 'पास' म्हणजे कुत्रा पण कुत्र्याचा म्हणताना 'प्सा', मधला अ गायब, हे तर आपल्या कापूस-कापसाचा सारखंच झालं.

अडतंय ते क, ग, ह ला. 'रुका' म्हणजे हात, चतुर्थीत 'रुत्सी' (त्स म्हणजे आपल्या चाकातला च), 'नोगा' म्हणजे पाय त्याचं 'नोझी'. पुढे इ आला की क चा त्स आणि ग चा झ, इथपर्यंत ठीक. पण संबोधनात ए आला की तोच क चहातला च होतो, 'युनाक' म्हणजे वीर, हाक मारताना 'युनाचे'! एका क ची दोन रूपं, डोकं फिरतं राव.

आणि त्यातही 'माच्का' म्हणजे मांजर, तिचं चतुर्थीत 'माच्की'च राहतं, आजीला 'बाकी'च म्हणतात, पण आईचं मात्र 'मायका' चं 'मायत्सी' होतं. आजीने काय पाप केलंय?

तर प्रश्न असा की कुठल्या शब्दांत बदल होत नाही हे ओळखायची काही खूण आहे का, की नुसतं पाठच करायचं? आणि तो मधला अ कुठे पडणार हे तुम्ही कसं लक्षात ठेवलंत?