लघुप्रबंधासाठी मुलाखती: २६ प्रश्न जास्त होतात का?

नवशिकी
रात्रपाळी करणाऱ्या १० नर्सच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, प्रत्येकी ४५ मिनिटं. प्रश्न २६ झालेत आणि गाइड म्हणतात, कमी करा. त्यातले तीन असे: 'रात्रपाळीचा तुमच्या आरोग्यावर आणि कुटुंबावर वाईट परिणाम होतो का?', 'ताणाचं व्यवस्थापन कसं करता?', 'ही नोकरी का निवडली?' रेकॉर्डिंग फोनवर केलं तर चालेल ना?

कानसेन
४५ मिनिटांत मूळ प्रश्न ८ ते १० होतात. खुल्या प्रश्नाचं उत्तर आणि त्यावरचे उपप्रश्न धरले की चार-पाच मिनिटं सहज जातात. २६ घेऊन बसलात तर तुमची नजर सतत पुढच्या प्रश्नावर राहणार. समोरच्याला ते कळतं आणि उत्तरं आखडत जातात.

पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. 'हो' म्हणाल्या तर ते आरोग्याला की कुटुंबाला? शिवाय 'वाईट' हा शब्द तुम्हीच त्यांच्या तोंडी घातलात. दुसरा प्रश्न तुमच्या प्रबंधाच्या भाषेतला आहे, त्यावर पाठ्यपुस्तकी उत्तर येईल. त्याऐवजी 'मागची रात्रपाळी कशी गेली? घरून निघाल्यापासून सांगा' असं विचारा. ताण असेल तर त्यात येतोच. 'एरवी काय करता' विचारलं की लोक मत देतात, 'मागच्या वेळी काय झालं' विचारलं की घडलेलं सांगतात. तिसऱ्यातला 'का' जाब विचारल्यासारखा वाटतो. 'या कामात कशा आलात?' पुरे.

सुरुवात सोप्या माहितीने करा, नाजूक विषय मध्यावर घ्या आणि शेवटी 'मी विचारायला हवं होतं असं काही राहिलं का?' हे विचारा. उत्तर थांबलं की लगेच पुढे जाऊ नका. चार-पाच सेकंद गप्प बसणं अवघड जातं, पण महत्त्वाचं वाक्य बऱ्याचदा त्यानंतरच येतं.

टेपवाला
फोन चालेल, पण एअरप्लेन मोडवर. मध्येच कॉल आला तर बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते तासाभराने लक्षात येतं. डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलप्रकार) स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे तासाला ६०० एमबी. मोनो ठेवलं तर निम्मे. जागा आधी बघून ठेवा. फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेवा, नाहीतर टेबलावरचा प्रत्येक ठोका आवाजात उतरतो. पंख्याचा झोतही नको. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

शब्दांकनाचा हिशोब बहुतेक जण विसरतात. तासाभराच्या आवाजाला ४ ते ६ तास लागतात. तुमचे साडेसात तास होतील, म्हणजे ३० ते ४५ तास नुसतं टायपिंग. पहिली मुलाखत टाइप केल्याशिवाय दुसरीला जाऊ नका. आपण कुठे मध्येच तोंड घातलं, कोणता प्रश्न फसला, हे तिथे स्पष्ट दिसतं.

सही_आधी
संमतीबद्दल कुणीच बोललं नाही. विद्यापीठाची नीतिसमिती (संशोधनातली नैतिकता तपासणारी समिती) असेल तर तिची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी. नंतर घेऊन भागत नाही. संमतीपत्रात रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या, कारण काही जणी बोलायला तयार असतात, आवाज द्यायला नसतात. अशा वेळी टिपणं काढायची तयारी ठेवा. फाइलला नाव न देता 'न०१' असा संकेत द्या आणि कोणता संकेत कुणाचा ही यादी वेगळ्या जागी ठेवा.

वॉर्डच्या इन्चार्जकडून नावं घेऊ नका. वरिष्ठांनी सांगितल्यावर नाही म्हणणं कठीण असतं, आणि बहुधा 'चांगलं बोलणाऱ्या'च पुढे केल्या जातात. पाळी संपल्यासंपल्या मुलाखत ठेवू नका. झोपेने डोळे मिटत असताना उत्तरं हो-नाहीवर येतात.

नवशिकी
आभार! १२ मुलाखती लागतात असं वाचलं होतं. मग १० कमी पडतील?

कानसेन
तो आकडा ग्रेग गेस्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासातून आलाय. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींमध्ये पहिल्या १२ नंतर नवे मुद्दे फारसे निघाले नाहीत. पण तिथे गट बराचसा एकसारखा आणि प्रश्न सर्वांना सारखे होते. ही अट सोडून नुसता आकडा उचलला जातो. तुम्ही आयसीयू आणि जनरल वॉर्ड, कायम आणि कंत्राटी असं सगळं एकत्र घेतलंत तर १२ सुद्धा तोकड्या पडतील. एकाच प्रकारच्या वॉर्डातल्या १० घ्या आणि ती निवड का केली ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा.