पणजीचे रस्ते सायकलला सुरक्षित कसे होतील? अनुभव आणि बारकावे इथे लिहा

मांडवीकाठ
आज पहाटे पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) पोंऽ पोंऽ कानावर पडला आणि मळा भागातून कांपालपर्यंत सायकली निर्धास्त जायच्या ती पणजी आठवली. म्हणून हा धागा. नुसतं "ट्रॅक हवा" लिहू नका. कुठे, किती रुंद, काय बिघडतं आणि कशामुळे, ते लिहा.

सुरुवात रुंदीपासून करते. हँडल साधारण 60 ते 70 सेंमी. चालवताना दोन्ही बाजूंना वीसेक सेंमी डोलणं आलंच. म्हणजे एक मीटरची रंगवलेली पट्टी तिथेच संपली. त्यात गटाराकडचा हातभर भाग पावसात पाला आणि मातीखाली जातो. एका दिशेला किमान 2 मीटर हवेत, दोन्ही दिशांना 3. पोदेराची पाटली (पावाची टोपली) हँडलपेक्षा रुंद असते, तीही मोजा.

दुसरी चूक त्याहून वाईट. पार्क केलेल्या गाड्या आणि धावती वाहनं यांच्या मधोमध पट्टी आखतात. गाडीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, आणि चुकवायला उजवीकडे सरावं तर मागून बस. क्रम उलटा करायला हवा: पदपथ, मग सायकल, मग पाऊण ते एक मीटर मोकळा पट्टा, मग पार्किंग. खर्च तोच. रंग मारायच्या आधी ठरवायचं फक्त.

चिरेबंदी
गटाराच्या जाळ्या!! सळ्या रस्त्याच्या दिशेने लांब बसवल्या की बारीक चाक सरळ आत. रोड सायकलचा टायर 25-28 मिमी. सळ्या आडव्या हव्यात, फट त्याहून कमी. जाळी बदलायला पैसे नसतील तर आहे तीच काटकोनात फिरवून बसवा, चौकोनी असेल तर बसते. आयताकृती असेल तर वरून तीन-चार आडव्या पट्ट्या वेल्ड करा. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दोन_चाकं
+1 चिरेबंदी. त्याच्याच जोडीला डांबराची कडा. दर वेळी जुन्यावर नवा थर, कडेची माती तिथेच. रस्ता पाच-दहा सेंमी वर जातो आणि बाजूला पायरी तयार होते. सायकल खाली उतरली की परत तिरकी चढवताना पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर येत नाही, माणूस थेट रहदारीत पडतो. उपाय: नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा, आणि कडा मुरूम दाबून डांबराच्या पातळीला आणायची. निविदेत कडेचं काम वेगळं धरलेलं नसेल तर ते होत नाही, हे आधीच वाचून घ्या.

कुळागर
पेव्हर ब्लॉक नकोत. कुठेच नकोत.
आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात खालची वाळू वाहून जाते, ब्लॉक डुगडुगतात, सांध्यात शेवाळ. झाडाखाली तर तेलकट. ट्रॅक डांबराचा किंवा घासून खरबरीत केलेल्या काँक्रीटचा. उतार एका बाजूला 2 ते अडीच टक्के, म्हणजे 2 मीटरला चार-पाच सेंमी. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं.

पावसाळी_सायकल
रंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? जाड थर्मोप्लास्टिकचा (तापवून लावायच्या रंगाचा) पट्टा ओला झाला की काचेसारखा. अख्खा ट्रॅक हिरवा रंगवतात तो फोटोपुरता छान. वळणावर, चढावर, चौकात रंगात खरबरीत खडी मिसळलीच पाहिजे. रंगातले काचेचे मणी रात्री चमकायला असतात, पकड द्यायला नाही. दोन्हींत गल्लत होते नेहमी. बाकी भात शिजतोय, नंतर लिहिते.

सांतिनेज_खाडी
हे सगळं ठीक पण जीव जातो तो वेगामुळे. हिशेब करून बघा. ताशी 50 ने येणाऱ्या गाडीला, चालकाला ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे 28 मीटर लागतात आणि ओल्यावर 38 च्या आसपास. ताशी 30 ला तेच 13 आणि 17. अर्ध्याहून कमी. म्हणून शहरातल्या आतल्या रस्त्यांवर 30 ची मर्यादा, आणि ती फलकाने नाही, रस्त्याच्या आकाराने. मार्गिका 3.5 मीटरची असेल तर चालक आपोआप जोर लावतो. तीच 3 मीटर केली की पाय आवरतो, आणि उरलेला अर्धा मीटर सायकलला मिळतो.

गतिरोधक घालायचा तर नियमाचा घाला: 3.7 मीटर लांब, 10 सेंमी उंच, माथा गोल. तो ताशी 25 साठी असतो, सायकल त्यावरून सुखाने जाते. खिळ्यांनी ठोकलेल्या रबरी पट्ट्या नकोत. दोन पावसाळ्यांत तुकडे निघतात आणि खिळे वर राहतात.

म्हापशाची_पोर
आणि रेंट-अ-बाईकवाले पर्यटक ट्रॅकमध्ये घुसतात त्याचं काय? मिरामारला सुट्टीच्या दिवशी बघा

मांडवीकाठ
@म्हापशाची_पोर, खांब 1.5 मीटरवर लावले तर मोटारी थांबतात. स्कूटरचं हँडल सायकलएवढंच, ती थांबत नाही, हे आधीच मान्य करून चालू या. नागमोडी फाटक लावलं की स्कूटर अडते, पण पोदेर, व्हीलचेअर, मागे मुलाची खुर्ची असलेली आईसुद्धा अडते. मला ते पटत नाही. त्यापेक्षा ट्रॅक पदपथाच्या पातळीला उचला, तोंडाशी थोडा चढ आणि वळण द्या. शेजारी स्कूटर पार्किंगला जागा ठेवली तर घुसखोरी आपोआप कमी होते, कारण बरेच जण पार्क करायलाच आत येतात.

दोन_चाकं
खांब काढता येणारे हवेत बरं का. कार्निव्हल आणि शिगम्याचे चित्ररथ जातात त्या रस्त्यावर पक्के खांब लावले की आदल्या दिवशी कापतात आणि जमिनीत बोटभर लोखंड उरतं. जमिनीत बाही (खांब बसेल अशी नळी) पुरायची, वरून कुलूप, आणि खांब काढल्यावर बाहीला झाकण. झाकण विसरलात तर चाकासाठी खड्डाच केलात.

रायबंदरवासी
पणजी-रायबंदर बांधावर एवढं सगळं मावणार नाही. सतराव्या शतकातला रस्ता, एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं. रुंदी वाढवायचा प्रश्नच नाही, वाढवूही नये. तिथे वेग उतरवणं आणि जड वाहनं बायपासला पाठवणं हेच. ओव्हरटेक करताना सायकलपासून दीड मीटर अंतर, आणि तेवढं मिळत नसेल तर मागे थांबायचं.

चिरेबंदी
चौक. पादचारी आणि सायकलस्वार तिथे सहज गाडीखाली सापडतात. कोपऱ्याची त्रिज्या दहा-बारा मीटर ठेवली की गाडी वेग न उतरवता डावीकडे वळते आणि सरळ जाणारी सायकल तिच्या पोटाखाली. 4 मीटर पुरे. कचऱ्याच्या ट्रकसाठी कोपऱ्यात वरून चालता येईल असा खडबडीत उंचवटा करा, छोट्या गाड्या तो टाळतात. कोपऱ्यापासून किमान 5 मीटर पार्किंग बंद, नाहीतर कुणाला कुणी दिसत नाही.

कदंबाप्रवासी
बसस्टॉप विसरलात. बस डावीकडे घेतली की ट्रॅक कापला जातो, दर दहा मिनिटांनी. ट्रॅक थांब्याच्या मागून न्या. उतरणाऱ्यांसाठी अडीच मीटरचं बेट ठेवा, मध्ये झेब्रा आणि तिथे ट्रॅक थोडा उचललेला. खासगी बसवाले थांब्याच्या आधीच थांबतात, म्हणून बेट 12 मीटरच्या बसपेक्षा लांब करा.

पावसाळी_सायकल
आले परत. पोदेरांच्या सायकलींचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्या जुन्या सायकलींना रॉड ब्रेक आणि लोखंडी रिम. रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. ॲल्युमिनियमवर रबर एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसतं, लोखंडावर तसं होत नाही. उतारावर, आल्तिनो टेकडीवरून वगैरे, आधीपासून हलका ब्रेक धरून उतरायचं. ज्यांच्याकडे पोदेर येतो त्यांनी त्याला मागचा लाल दिवा आणि टाचेला परावर्तक पट्टी द्या. टाच वर-खाली हलते म्हणून लांबून लगेच ओळखू येते.

म्हापशाची_पोर
ताई हे खूप कामाचं 🙏 उद्याच आणते. पट्टी बुटाला की पॅडलला? आमचे पोदेरबाब चपला घालतात.

पावसाळी_सायकल
मग पॅडलच्या कडेला, बाय. चपलेवरची एका पावसात निघते.

बेतीफेरी
थोडं अवांतर. पणजी-बेती फेरीतून सायकल नेणाऱ्यांनो, ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. उतरून चालत न्या. सायकल वरच्या बाजूला न धरता आपल्या आणि पाण्याच्या मध्ये ठेवा, पाय घसरला तर अंगावर येत नाही. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी, म्हणून पर्वरीकडच्यांना जुना पूल किंवा फेरी एवढंच उरतं.

सांतिनेज_खाडी
निवेदन द्यायचंय त्यांच्यासाठी. मोजणी सकाळी दहाला करू नका. कामगार, पोदेर, मासळीवाले सहा ते साडेसातला जातात. 15-15 मिनिटांचे गट, दोन्ही दिशा वेगळ्या, तीन कामाचे दिवस. रुंदी मात्र संध्याकाळी सातला मोजा, पार्किंग धरून उरते ती. फोटोत टेप दिसू द्या आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, म्हणजे अभियंत्याला जागा शोधावी लागत नाही. शहराबाहेर असाल तर ग्रामसभेत ठराव मांडून इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या सभेत वाचून घ्या.

कुळागर
साखळीला कुठलं तेल लावता मिरामारच्या खाऱ्या वाऱ्यात? आठवड्यात गंज येतो

दोन_चाकं
@कुळागर, आधी फडक्याने पूर्ण कोरडी. मग दर कडीच्या रोलरवर एक-एक थेंब पावसाळी ल्यूब (साखळीचं वंगण), दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल वाळू धरतं. फवारा मारायचे ते डब्यातलं पातळ तेल नको, ते धुऊन जातं.